नाशिककडचा फ्रेंच किल्ला

दिवाळी, शनिवार.

आज मी चीटिंग केली. मंडळाच्या किल्ला स्पर्धेत किल्ला महाराष्ट्रातलाच हवा होता. मी उन्हाळ्यात फ्रान्सला डोंगरावर पाहिलेला बनवला. तोच गोल बुरूज, खाली अळीव पेरून द्राक्षमळे. नाव विचारलं तर मेलोच!

परीक्षक सुधीरकाका वाकले. "द्राक्षं? म्हणजे नाशिककडचा!"

"काका, लगेच ओळखलंत!"

"अरे, कॉलेजात तीनदा चढलोय. हा बुरूज तर हुबेहूब!"

पहिलं बक्षीस, यार! त्या बुरुजावर मी जूनमध्ये आइस्क्रीम खाल्लंय आणि काका तीनदा चढलेत म्हणे.

ही डायरी वाचणाऱ्या, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. डिसेंबरात काका सगळ्या मंडळाला तो किल्ला दाखवायला नाशिकला नेणार आहेत.