विटेचं माप

जव्हार, शनिवार, १२ डिसेंबर १९९८

जुन्या अमेरिकन गाडीला धुराचे पाइप कुठले घ्यावेत? मेकॅनिक त्यांना हेडर म्हणतो. लांब हेडरचा आवाज भारदस्त, पण ते खाली लोंबतात. आखूड वर चिकटून बसतात, आवाज मात्र साधा. लांब जोड त्याने तात्पुरता बसवून दिलाय. सोमवारी काय ते सांगायचं. मला लांबच हवेत, इथे तरी खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी अंगणात गाडीखालून वीट उभी सरकवून पाहिली. आरामात गेली. सुनंदा ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "रिकाम्या गाडीचं माप काय घेता? माझ्या माहेरी जामसरला रिकामे कधी गेलात?"

खरंय. रस्त्यात कुणी हात दाखवला की इथे पुढे जाता येत नाही. शिवाय येताना डिकीत भाताचं पोतं असतंच. म्हणून दोन्ही शेजाऱ्यांची माणसं बोलावून गाडीत बसवली. वीट अडली. जोर लावला तर तिचाच कोपरा तुटला.

"झालं, उतरा आता," मी म्हटलं. कुणी हलेना. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आता बसलोच, तर बाजारापर्यंत सोड की."

सोडलं. वाटभर सगळ्यांच्या गप्पा. त्यात इंजिनाचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता, मलासुद्धा नाही. एसटी डेपोपुढच्या गतिरोधकावर पाइप खरवडले, तेवढे ऐकू आले.

आखूडच घेतो.