सळईला पाणी घालू नका

कारभाऱ्यांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी नातीकडे मजेत आहे. गुडघाही फार कुरकुरत नाही. जिना आहे, पण ते असू दे.

काल तिनं मला हापिसात नेलं. भिंतीएवढ्या पडद्यावर गावोगावची शेतं! बागेत रोवलेली सळई मातीतली ओल इथं कळवते, त्यावरून पाणी कधी द्यायचं ते ही पोरं शेतकऱ्यांना सांगतात. आपली लिंबाची बागही दिसली. शेजारीपाजारी सगळं कोरडं अन् आपल्याकडेच पूर! साहेब डोकं खाजवायला लागले. मी म्हटलं, "यंत्राला नावं ठेवू नका. आमचे हे सळईवर तांब्या ओतत असतील, बाग कोरडी दिसून नातीला घोर नको म्हणून." सगळे पोट धरून हसले. नात म्हणाली, "आजोबा पण ना!" अन् हळूच डोळे पुसले.

पण अहो, सळई ओली असली की पाणी द्यायचा निरोप येत नाही, अन् झाडं तहानलेली राहतात. नुकतं फळ धरलंय, ते गळेल. विहिरीत पाणी आहे ना? वेळेवर जेवता ना?

आजच झाडांना पाणी सोडा. उद्या मी पडद्यासमोर बसणार आहे. बागेत ओल पसरताना दिसली की समजेन, तुम्ही बांधावर उभे आहात.

तुमच्या घरची