चारडोळ्यायचं खानदान

९ नोव्हेंबर १९६४, बीबी
पाटलाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली. दिवे लागायच्या वक्ताले राज्या पळत आला अन् सरळ गाडीच्या चाकाले थडकला. मी हासलो. "काऊन बे, एवढी गाडी दिसत नाई काय तुले?"
पार्बती म्हणे, "दोन महिने झाले, दिवस बुडला की असंच करते. तुमालेच दिसत नाई."
बायकोचं काय, तिचा राग राज्यावर पयल्यापासून. अरे, राज्या चारडोळ्या कुत्रा! डोळ्यावर दोन पिवळे ठिपके. असं कुत्रं अंधारात लांडगा पाह्यते, हे सारे धनगर जाणतेत. तो थडकन कसा?

१२ नोव्हें., लोणार
गुरायच्या दवाखान्यात नेला. डॉ. नवे, पुण्याकडले. खिडक्या लावल्या, बॅटरी मारली. राज्याच्या डोळ्याची बाहुली आवळेचना.
"याची पिल्लं आहेत का? कोणत्या कुत्रीपासून?"
चंद्रीपासून. याचीच बहीन, एकाच वेताची. ठिपके जाऊ नये म्हनून मीच लावली. मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी.
डॉ. म्हनले, "हा आजार रक्तातून येतो, बहीणभाऊ लावले की पिल्लांत उतरतो. आधी संध्याकाळी दिसत नाही, मग दिवसाही. औषध नाही. चंद्री कुठे आहे? तिचेही डोळे बघू."
मेली. मागच्या साली, दिवस बुडता बुडता विहिरीत पडली.
सांगता सांगताच उमजलं. देवा रे. पाय घसरला असं सारेच म्हनलो होतो.

१३ नोव्हें.
डॉ. म्हनले, एकएक पिल्लू तपासा. वाटेत नवी वस्तू ठेवा, पल्याडून हाक मारा. ओळखीच्या जागी ते सवयीनं चालतेत, फसवतेत.
पिल्लं गेली ती घरं लिहून काढली. सात. मी काय केलं हे! प्रत्येकाकून खंडोबाची शपथ घेतली होती, बाहेरचं रगत लावायचं नाई, चारडोळ्याले चारडोळ्याच.
सातवं घर शेवंताचं, माह्या लेकीचं. आमच्यात लेकीसंग मांडवातून पिल्लू जाते. लाली गेली. सहावं तिच्या चुलत दिराचं, त्याले लालीचा भाऊ दिला, तोही हौसेनं.
शेवंताचं सासर नांदुऱ्याले. सांजच्याले एकटी रेल्वेच्या रुळाजवळून मेंढरं आनते. लालीच्या भरवशावर.
जेवन गेलं नाई.

१६ नोव्हें., नांदुरा
यष्टीनं आलो. इहाई, शेवंताचा सासरा, खुश. म्हणे, "तुमच्या लालीनं आमचं नाव काढलं." मी पानी पेलो.
दिवस बुडता वाड्यापुढं, मेंढरं कोंडतेत तिथं, वाटेत टोपलं ठेवलं. शेवंताले म्हनलं, पल्याडून हाक मार.
लाली धावत आली अन् टोपल्यासकट पडली.
शेवंता खदखदा हासली. "पोटुशी हाये ना बाबा, म्हनून हेलपाटते."
"कोनापासून?"
"दिराच्या कुत्र्यापासून. तुमची शपथ मोडन काय मी?"
म्हंजे लालीच्याच भावापासून. लाली माहा हात चाटून राह्यली, अन् पाहे भलतीकडंच.
कसंबसं म्हनलं, "उद्या मेंढरं मी आनतो. तू नको येऊ."
शेवंता म्हणे, "काऊन? लाली हाये ना."