घरची अडचण

१४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (विनंती कसली, तक्रारच आहे.)

फोन करणार होते, पण आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आणि कान घरभर. म्हणून पत्र. सायकलदुरुस्तीचं दुकान बंद केलंस की निवांत वाच.

गेल्या गुरुवारी शाळेत मला पाळी आली. घाबरले नाही, पुस्तकात वाचलं होतं. पोटात दुखलं, बाईंनी पॅड दिलं, घरी आले. आईने जवळ घेतलं, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि मग हळूच म्हणाली की हे कुणाशी बोलायचं नाही, आपल्याकडे याला अडचण म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिने पोहण्याच्या सरांना कळवलं की मुलीला अडचण आहे, येणार नाही. सरांनी विचारलं, कसली. आई म्हणाली, घरचीच.

झालं. सर भला माणूस. त्यांना वाटलं आमच्या घरात काहीतरी बिनसलंय. रिलेतली माझी शेवटची फेरी त्यांनी दुसरीला दिली आणि मला निरोप धाडला की आधी घर सांभाळ, पोहणं कुठे पळून जात नाही. काल वर्गाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की बाबा पितात का. आपले बाबा, ज्यांना खोकल्याचं औषधही चढतं.

आईला म्हटलं, सरांना खरं सांग. तर म्हणते, झालं ते बरंच झालं. अंग भरायला लागलंय, पोहण्याचा पोशाख छातीवर आवळतो, चारचौघांत बरं दिसत नाही, आता पोहणं पुरे. पोशाख कपाटात कुलपात गेलाय.

आणि दादा? त्याचा आवाज फुटला तर आईने तिन्ही मावश्यांना फोन केले आणि ऐकवण्यासाठी त्याला बोलायला लावलं. बाबांनी दाढीचं सामान आणलं. मिशी अजून भिंग घेऊन शोधावी लागते. घरात त्याचं नाव पडलंय भोंगा. त्याचा आवाज फुटला की कौतुक, माझी पाळी आली की अडचण. मी गप्प बसणार नाही. स्पर्धा एक ऑगस्टला आहे आणि शेवटची फेरी माझी आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, थोडं बळ पाठव.
तुझी बेडकी

२० जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आमच्या कन्यारत्नाचं पत्र पोचलं असेलच, टपालपेटीपर्यंत पाय आपटत गेली होती. तुमच्या भाचीला तुम्हीच लाडावून ठेवलंय, आता समजूतही तुम्हीच घाला.

मला काही तिचं वाईट करायचं नाही. पण तलावाच्या काठाला बघ्यांची गर्दी असते आणि माणसांचे डोळे मला ठाऊक आहेत. कालपरवापर्यंत काडी होती, आज तिच्याकडे बघून माझ्याच काळजात धस्स होतं. माझ्या आईने मला ‘अडचण’ हा शब्द शिकवला तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण निभावलंच ना.

रविवारी सर घरी आले. ह्यांना म्हणाले, घरात अडचण आहे असं कळलं, आमच्याकडून काही मदत होईल का. मी दाराआड तोंडावर हात धरून उभी. ह्यांना अर्थातच काही ठाऊक नाही. हे म्हणाले की अडचण आहे खरी, बायको रोज डोकं खाते, पण तुमच्यापर्यंत कशी पोचली? आणि सरांना हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि गळका नळ दाखवला. सर बराच वेळ त्या नळाकडे बघत राहिले. चहासुद्धा न घेता गेले. मुलगी त्यावर इतकी हसली की मला रडू आलं.

तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. थोडं नमतं घे म्हणावं. बाकी सर्व क्षेम. मुलगा हल्ली फारसा बोलत नाही, वयच तसलं.

लोभ आहेच, त्यात या एका उपकाराची भर घालावी.
तुमची वहिनी

२७ जून

सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद आणि सोबत थोडं भांडण.

हाताला ग्रीस आहे, कागदावर डाग पडले तर चालवून घे. तू सांगितलेलं काम मी करणार नाही. पोर सरळ चालली आहे, तिला वाक म्हणून मी कशाला सांगू?

अगं, तिचं अंग भरेल, कंबर रुंदावेल, काखेत केस येतील, तोंडावर पुटकुळ्या येतील, उगाच रडेल, उगाच हसेल. वाढत्या अंगाची तीच रीत. तिला त्याची लाज नाही, लाज तू देते आहेस. पोशाख आवळतो म्हणून पोहणं सोडायचं, तर चप्पल लहान झाली की चालणंही सोडायचं का? मोठा पोशाख घे. बघ्यांचे डोळे वाईट असतील तर बघ्यांना हाकल, पोरीला का घरी बसवतेस?

आणि निभावलं म्हणतेस. शाळेत तू धावायचीस. अजूनही कुणी पळताना दिसलं की पाय शिवशिवतात, हे तूच मला सांगितलंस. धावणं का सुटलं असं मी विचारलं, तेव्हा तू एकच शब्द बोललीस. तोच शब्द आता तिच्या पायात घालू नकोस.

तिला डॉक्टरीणबाईंकडे ने. पाळीतही पोहता येतं, काय वापरायचं ते त्या समजावतील. आणि मुलगा बोलत नाही म्हणतेस, तो बोलेल कसा? तोंड उघडलं की घर हसतं. आवाज हळूहळू स्थिरावेल, आणि झोपेत काही झालं तर तो आजार नाही, एवढं त्याला सांगायला हवं. ते माझ्या भावाने सांगावं, नळाला हात घालायच्या आधी.

बेडकीला निरोप: सरांना तू स्वतः सांग. शब्द तोंडात धरून ठेवला की जड होतो.

भांडण मनावर घे, राग घेऊ नकोस.
ताई

४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. तलावावर, सगळ्यांदेखत. घरी काहीही बिघडलेलं नाही, बाबा पीत नाहीत, मला पाळी आली होती आणि आता माझी जागा परत द्या, असं म्हटलं. सरांच्या हातातली शिट्टी पडली. दोन पोरं खिदळली. तेव्हा माझ्यासोबत आलेला भोंगा पुढे झाला आणि त्यांना गप्प बसायला सांगितलं. निम्मं वाक्य जाड आवाजात आणि निम्मं चिमणीसारखं निघालं. मग सगळे त्यालाच हसले. तो मान खाली न घालता तिथेच उभा राहिला. त्याला मी आता भोंगा म्हणणार नाही, हे शेवटचं.

सर कानापर्यंत लाल झाले, पण माणूस भला. म्हणाले की नीट विचारायला हवं होतं, चूक माझी. मात्र दुसरीने मेहनत केली आहे, तेव्हा दोघी शर्यत लावा. कुलूप उघडलेलं नव्हतं, म्हणून मी दादाचा जुना सदरा आणि अर्धी चड्डी घालून पोहले. सदरा पाण्यात फुगला, तरी हातभर पुढे राहिले.

वर आले तर जाळीपलीकडे आई उभी. घरी येऊन पाहिलं तर कपाट उघडं होतं.

बळ पोचलं, पावती समज.
तुझी बेडकी

२ ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल स्पर्धा झाली. नवा पोशाख मीच घेतला, मोठा, निळा. डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या आणि शेजारी बसून मीही ऐकलं. या वयात मलाही दोन गोष्टी नव्याने कळल्या.

नेमकी काल सकाळी तिला पाळी आली. वाटलं, आता स्वतःच नको म्हणेल. तर म्हणाली, शेवटची फेरी माझी आहे.

कपडे बदलायच्या खोलीत तिला वेळ लागत होता. सर दाराशी येऊन विचारू लागले की काय झालं. भोवती पालक, पोरं, परीक्षक. ताई, जिभेवर तोच शब्द आला, जन्माची सवय. अर्धा बोललेही. तसा सरांचा चेहरा केविलवाणा झाला, बहुधा त्यांना पुन्हा नळ दिसला. मग मी घसा साफ केला आणि चांगलं मोठ्याने सांगितलं की माझ्या मुलीला पाळी आली आहे, ती येते आहे आणि ती पोहणार आहे. चार माना वळल्या. मी माझी खाली घातली नाही.

दुसरा नंबर आला. पहिला हुकला म्हणून ती बादलीभर रडली. मुलगा काठावरून फाटक्या आवाजात ओरडत होता आणि आम्ही कुणी हसलो नाही. परतताना कोपऱ्यापासून घरापर्यंत मी पळत आले. धाप लागली, पण मुलांच्या आधी पोचले.

आता घरात अडचण एकच उरली आहे आणि ती अजून गळते आहे. तुमच्या भावाचा कान धरा.

लोभ असू द्या, भांडणही असू द्या.
तुमची वहिनी