श्रीखंडात साखर नव्हती

सदाशिव पेठ, पुणे

तीर्थरूप मुक्ताआत्या,

आनंदचा वाकून नमस्कार. (हल्ली खरोखर वाकतो. डॉक्टरांच्या हुकमावरून रोज सकाळी पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न चालू आहे. सध्या हात गुडघ्यांपर्यंत पोहोचले आहेत.) तुझी तब्येत बरी असेल, भोरला उन्हाचा फार त्रास होत नसेल आणि दुपारची झोप वेळेवर लागत असेल, असं धरून चालतो. कल्याणी आणि नीरजा मजेत आहेत. मीही आहे, पण मला मधुमेह झाला आहे. घाबरू नकोस. मीही आधी घाबरलो होतो. आता मात्र मी थक्क झालो आहे, आणि ती हकीकत तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना म्हणून हा कागद घेतला.

आमच्या डॉक्टर मैत्री म्हणजे नीरजाच्याच वयाची, चणीने एवढीशी मुलगी. रिपोर्ट पाहून तिने विचारलं, "चहात साखर किती घेता?" मी म्हटलं, "चवीपुरती." ती मान वर न करता म्हणाली, "कोणाच्या?" सबंध नोकरी मी पाटबंधारे खात्यात काढली, खडकवासल्याच्या कालव्यावर मोठमोठ्या साहेबांना उत्तरं दिली, पण या प्रश्नावर मी तिच्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसलो. तिने साखर बंद सांगितली आणि मी घरी येऊन घरातली सगळी साखर बोहारणीला जुने कपडे देतात तशी शेजारी देऊन टाकली. मनात म्हटलं, साखर गेली तर गेली, गोड कशाला जायला पाहिजे? एक कालवा बंद पडला तर आपण दुसरीकडून पाणी वळवतोच की.

आत्या, तू कधी मोठ्या दुकानातलं गोडाचं फडताळ पाहिलं आहेस का? मी त्याच्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा होतो. नारळाची साखर, खजुराचा पाक, गुळाची पावडर, जंगलातला मध, कुठल्याशा झाडाच्या पानांचं हिरवट चूर्ण, कारखान्यात केलेले पांढरे शुभ्र स्फटिक, आणि अंगठ्याएवढ्या बाटलीतले थेंब. माणसाने गोडाच्या पायी केवढे उपद्व्याप केले आहेत! (एका बाईंनी मागून "जरा सरकता का? दर्शन झालं असेल तर," असं म्हटलं, म्हणून सरकलो.) पहिल्या फेरीत मी जे जे नैसर्गिक ते ते उचललं. पंधरवडाभर गुळाचा चहा प्यायलो, पोळीवर मध घेतला, खजुराचा पाक ताकात घालून पाहिला (तू घालू नकोस), आणि मोठ्या तोऱ्यात पुन्हा रक्त तपासायला गेलो. आकडा चढलेला. डॉक्टर मैत्री म्हणाल्या, "काका, गूळ हा साखरेचा गावाकडचा सख्खा भाऊ आहे. मध हा मावसभाऊ. रक्तात शिरल्यावर कोण कुठल्या गावचा हे कोणी विचारत नाही." बिनसाखरेची म्हणून घेतलेली बिस्किटं दाखवली, तर त्यांनी पुडा उलटा करून मैद्यावर बोट ठेवलं. मैद्याचीही पोटात जाऊन साखरच होते म्हणे. आपल्या पोटात एवढा मोठा साखर कारखाना चालतो, आणि मला एकसष्टाव्या वर्षापर्यंत त्याचा पत्ता नव्हता!

मग दुसरी फेरी. हिरव्या चूर्णाची गंमत अशी, की ते आधी गोड लागतं आणि मग कडू होऊन जिभेवर मुक्काम ठोकतं. थेंबांचं तर विचारूच नकोस. बाटलीवर दोन थेंब लिहिलं होतं. एवढ्याने काय होणार म्हणून मी चमचाभर ओतले. साखरेच्या कित्येक शे पटींनी गोड असतात ते. सकाळच्या चहाची गोडी मला दुपारी आमटीत लागत होती. पांढरे स्फटिक मात्र थेट साखरेसारखे दिसत. जिभेवर ठेवले की पुदिन्याची गोळी खाल्ल्यासारखं गार वाटे, तेवढंच. मी ठरवलं, हेच आपलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. नीरजाचं लग्न वाघोलीच्या शुभंकरशी ठरलं, हे तुला माहीत आहेच. मुलगा उत्तम. घरची शेती, निम्म्या शेतात आता इमारती उभ्या आहेत. गेल्या रविवारी व्याही ज्ञानदेवराव आणि विहीणबाई मैनाताई मुलाला घेऊन आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले. माझ्या मधुमेहाबद्दल मी त्यांना चकार शब्द बोललो नव्हतो. बापाला आहे म्हणजे पोरीलाही होणार, असं मनात आलं तर? कल्याणी म्हणाली, "सांगून टाका." मी म्हटलं, लग्नानंतर. वर मी असंही ठरवलं, की श्रीखंड मी करणार आणि ते त्या स्फटिकांचं करणार. त्यांनी खाऊन वाहवा केली, की मग हळूच फोडायचं, की बघा, यात साखरेचा कण नाही! कल्याणीने चक्क्याचं पातेलं माझ्यापुढे आदळलं आणि ती पुऱ्यांची कणीक मळायला वळली.

श्रीखंड दिसायला देखणं झालं. केशर, वेलदोडा, वर चारोळ्या. ज्ञानदेवराव म्हणजे दारात उभे राहिले की खोलीत अंधार पडावा असा माणूस. पहिला घास घेऊन म्हणाले, "गार लागतंय. लईच गार हाय." मी म्हटलं, फ्रिजातलं आहे. मी आग्रह करत गेलो, ते खात गेले. तीन वाट्या. पुऱ्या मात्र दोनच. माझी छाती फुगत होती.

जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि मी घसा खाकरून गुपित फोडणार एवढ्यात ज्ञानदेवरावांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. पंखा तर जोरात होता. मग त्यांचा हात थरथरायला लागला. मी काहीतरी विचारलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा कोण माणूस आहे! मैनाताई ताडकन उठल्या. "साखर उतरली वाटतं! अवो, साखर आणा कुनीतरी!" आणि मग स्वतःशीच म्हणाल्यासारख्या, "पन आत्ता तर एवढं श्रीखंड खाल्लं की!"

तेव्हा शुभंकरने सांगितलं. ज्ञानदेवरावांना कैक वर्षांचा मधुमेह. पोरीकडच्यांना कळू नये म्हणून त्यांनीही लपवलेला. (माझ्याच कारणासाठी, आत्या, शब्दशः माझ्याच.) व्याह्याच्या घरी गोडाला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून वर येण्याआधी खाली गाडीत बसून, मी फोनवर सांगितलेल्या श्रीखंडाच्या अंदाजाने त्यांनी इन्सुलिनचं जादा इंजेक्शन टोचून घेतलं होतं. ते इंजेक्शन आता त्यांच्या रक्तात साखर शोधत फिरत होतं, आणि साखर मी घातलीच नव्हती.

मी स्वयंपाकघरात धावलो, घाईत पाण्यात थेंबांची बाटली रिकामी केली आणि ते अमृत घेऊन बाहेर आलो. कल्याणीने पेला माझ्या हातातून काढून घेतला. "हे नुसतं गोड आहे हो! त्यांना साखर हवीय!" एवढ्या वर्षांत ती माझ्यावर इतक्या जोराने ओरडली नव्हती. पण घरात साखर होती कुठे? मी दाराकडे वळलो, शेजारी मागायला. तोवर कल्याणीने वरच्या फळीवरचा नाचणीचा डबा काढला. त्यात काठोकाठ साखर! (मी नाचणीच्या डब्याला कधी हात लावणार नाही, हे ती ओळखून होती.) पाण्यात चार चमचे ढवळून तिने तो पेला त्यांच्या ओठांना लावला. "घ्या दादा, घोट घोट घ्या." नीरजाने त्यांचा हात धरला होता. मी कोपऱ्यात उभा होतो. त्यांनी डोळे मिटले तर काय करायचं, एवढाच एक विचार डोक्यात होता.

आणि मग जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. हळूहळू घाम ओसरला. हात शांत झाला. नजर कुठून तरी लांबून चालत यावी तशी परत आली आणि माझ्यावर येऊन थांबली. जिला मी दुश्मन म्हणून घराबाहेर काढली, ती साखर एक जिवंत माणूस माझ्या दिवाणखान्यात परत आणत होती. आत्या, धरणाचे दरवाजे उघडताना मी अनेकदा पाहिले आहेत, पण असं काही पाहिलं नव्हतं. ज्ञानदेवराव म्हणाले, "पाव्हणं, श्रीखंडात काय घातलं व्हतं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग असे हसले, की सुपारीचं तबक वाजलं. "म्हंजी तुमास्नी बी हाय! मग हे आधी सांगायचं का न्हाय? मी उगं सुई टोचून घेतली!" मैनाताई डोळे पुसत दोघांनाही रागावल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे व्याही डॉक्टर मैत्रींपुढे बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. ज्ञानदेवरावांना अंदाजाने इंजेक्शन घेतल्याबद्दल आणि मला सगळ्याबद्दल बोलणी बसली. आता साखर वाढते म्हणून औषध घेणारा तो माणूस, उतरली तर हाताशी हवी म्हणून खिशात साखरेची पुडी घेऊन हिंडतो. लग्न ठरल्या तारखेलाच आहे. मी फडताळाची वाट सोडली. थेंब अडीअडचणीला एखादा. बाकी गोडच थोडं थोडं कमी करत आणलं. परवा कोमट दूध प्यायलो, नुसतं, आणि पेला खाली ठेवून कल्याणीला विचारलं, यात काय घातलंस? काहीच नव्हतं. दूध गोड असतं, आत्या! जन्मभर मी त्यावर साखर ओतत होतो, त्यामुळे ते कधी कळलंच नाही. काल गाजर गोड लागलं. आज कांदासुद्धा.

वडील माणसांना माझे नमस्कार सांग. तुझ्याहून वडील आता कोणी उरलेलं नाही, तेव्हा सगळे तूच ठेवून घे.

तुझा,
आनंद

ता. क. तुझ्या पायाच्या बोटाची जखम संक्रांतीपासून भरत नाही, असं कळलं. पाणीही फार पितेस म्हणे. तपासलं तर चहा तोडतील, म्हणून तू दवाखान्याचं नाव काढू देत नाहीस. चहा तोडत नाहीत. बोट मात्र तोडावं लागतं, फार उशीर केला तर. मी शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. उपाशीपोटी तयार राहा.

ता. क. २. ज्ञानदेवरावही येणार आहेत. म्हणतात, "आत्याबाईस्नी सांगा, मुंगी चावल्यागत बी लागत न्हाय."

ता. क. ३. हे मला तुझ्या सुनेने, श्रद्धाने कळवलं, हे तुला कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. तेव्हा पहिला ता. क. तू वाचलाच नाहीस असं समज. उपाशी मात्र राहा.