सोळा ओळी, एक दम

३ मार्च, सकाळी ६.१०
बरेच दिवस एक कोडे छळत होते. हल्लीचे कोणतेही रॅप गाणे लक्ष देऊन ऐकावे. गाणारा तीन-तीन मिनिटे अखंड बोलतो, पण एकदाही श्वास घेताना ऐकू येत नाही. माणूस आहे की टेबलफॅन?

उत्तर आज दाढी करताना सापडले. ही मंडळी एक ओळ म्हणतात, थांबतात, पाणी पितात, फोन बघतात, मग दुसरी ओळ म्हणतात. मधल्या फटी कॉम्प्युटर शिवून टाकतो आणि श्वास कापून फेकून देतो. आपण ऐकतो ते गाणे नव्हेच, ती नुसती ठिगळे.

ओळ म्हणताना जिथे थांबायचे, त्या जागेला वृत्तशास्त्रात यती म्हणतात. शाळेत चोवीस वर्षे हेच शिकवतो आहे. थांबा शब्दाच्या पोटात आला आणि शब्द तुटला, तर तो यतिभंग. हिप-हॉपला नेमका हाच रोग जडला आहे. निदान प्रथम मीच केले.

संकल्प : या अवनतीवर शोक करणारा अल्बम. आठ गाणी. नाव 'यतिभंग'. शेवटी माझ्या त्या प्रसिद्ध सोळा ओळी, सव्वीस वर्षांपूर्वी म्हटल्या तशाच, एका दमात. प्रकाशन ३१ मार्च. तोफ अजून थंडावलेली नाही. (तोफ हे माझे स्टेजवरचे नाव. स्वतःच्याच रोजनिशीत हे लिहायची गरज नव्हती, पण लिहून बरे वाटले.)

बायकोने विचारले, हा यती कोण आणि त्याची तपश्चर्या कोणी मोडली. पाऊण तास समजावले. ती मध्येच भाजी आणायला गेली, तरी मी मुद्दा पूर्ण केला.

५ मार्च
दमसाधना सुरू. पद्धत शास्त्रशुद्ध : रोजच्या कामातच सराव. आठवीची हजेरी एका दमात घेतली. पट चौतीसचा. एकविसाव्या नावापर्यंत पोहोचलो. उरलेली तेरा मुले गैरहजर लागली.

६ मार्च
मुख्याध्यापिकांनी विचारले की आठवीत कसली साथ आली आहे का. गैरसमज दूर केला. कलेला व्यवस्थापनाचा विरोध नेहमीचाच.

९ मार्च
स्टुडिओ. सगळे काम एकटी कात्री बघते. आवाज कापण्या-जोडण्यात पटाईत, म्हणून हे नाव. माझीच जुनी विद्यार्थिनी, वृत्ते ओळखण्यात कच्ची. तिला बजावले : एकच टेक. जोडाजोड नाही.

टेक १ : चौथ्या ओळीपर्यंत. टेक २ : पाचव्या. टेक ९ : तिसऱ्या. टेक १४ : खोकला. टेक १५ : मध्ये श्वास घेत घेत सातव्या.

कात्री नम्रपणे म्हणाली की सर, सातव्या ओळीत तुम्ही 'परंप' म्हणता आणि 'रा' पुढच्या श्वासात येतो, याला आपण वर्गात काय म्हणायचो बरं? खोलीत दमटपणा फार आहे, असे तिला दाखवून दिले.

१२ मार्च
बायको चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. दुकान ठेक्याचे. तोफ आणि ठेका, एके काळची जोडी : मी शब्द म्हणायचो, तो तोंडाने बीट वाजवायचा. आता तो लोकांचे नंबर काढतो. पंचवीस वर्षे बोलणे नाही. कारण नीटसे आठवत नाही. कॅसेटच्या वेष्टनावरच्या अक्षरांच्या आकाराबद्दल त्याची काहीतरी कुरकुर होती.

बायको म्हणाली, भावजी तीस तारखेला दुकान मोडून लेकीकडे कायमचे निघालेत, विमानाचं तिकीट आलंय. अहो, एकदा भेटून तरी या, सारखं तुमचं विचारतात. मी म्हणालो, अल्बम पूर्ण होऊ दे. हातात देईन. ऐकेल आणि वरमेल.

तसा माणूस वाईट नव्हता. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सातव्या ते दहाव्या ओळीत त्याने बीट चक्क थांबवली होती. माझ्या दमापुढे स्तब्ध झाला बिचारा. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी दरवर्षी सांगतो.

१७ मार्च
आठ गाण्यांचा अल्बम ही कल्पनाच जुनाट. चार पुरेत. शोक आटोपशीर असावा.

२० मार्च
एकच गाणे. अधिक परिणामकारक.

टेक ६३. एका दमात सहाव्या ओळीच्या पुढे जाता येत नाही. दोष ओळीत आहे. मूळ लय मिळावी म्हणून कात्रीला जुनी कॅसेट दिली.

२३ मार्च, दुपारी
कात्रीचा फोन. कॅसेट साफ करून ऐकली म्हणाली. सहाव्या ओळीच्या शेवटी कोणीतरी जोरात श्वास ओढतो आणि त्याच क्षणी सातवी ओळ सुरूही होते. सर, एका माणसाला श्वास आत घेता घेता बोलता येत नाही, असे तिचे म्हणणे.

मी म्हणालो, टेप ताणली गेली असेल.

ती म्हणाली, असेल. पण मग सात ते दहाला बीट का बंद आहे?

मी तो किस्सा सांगायला घेतला. अर्ध्यात थांबलो. वाक्य तुटले. फोन ठेवला.

२४ मार्च
कॅसेट अकरा वेळा ऐकली. टेप ताणलेली नाही.

२६ मार्च
घसा बसला आहे. हवामान.

२९ मार्च
बायको म्हणाली, उद्या तुमचा ठेका उडणार, मग बसा इथे श्वास मोजत. दुकानात गेलो. भाषण तयार होते, मुद्दे पाच. दुकान रिकामे, एक खुर्ची आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. ठेका म्हणाला, ये तोफखान्या, बस. आणि बसल्याबसल्या माझा नंबरच काढू लागला. एकही मुद्दा मांडता आला नाही.

शेवटी विचारलेच, सातवी ओळ कोणाची.

तो म्हणाला, सात ते दहा माझ्या, दुसऱ्या कोणाच्या? तुझा दम दर वेळी तिथेच संपायचा, रे. आपले आवाज सारखे, म्हणून खपून गेलं. मी विचारले, मग तेव्हा बोलला का नाहीस. तर म्हणे, अरे, मला वाटलं तुला ठाऊक आहे! सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त वेष्टनावर 'सर्व शब्द एका दमात : तोफ' छापून आलं तेव्हा म्हटलं, निदान 'दीड दमात' तरी लिही.

मग वेष्टनाबद्दल माफी मागितली. बहुधा. आवाज नीट फुटला नसावा, कारण त्याने, काय म्हणालास, असे विचारले. पुन्हा म्हणावी लागली.

तिथेच सोळा ओळी म्हटल्या. मी सहा, त्याने चार, मग मी चार म्हटल्या आणि थांबलो, उरलेल्या दोन दोघांनी. त्याला आता कवळी आहे. बीट वाजवताना ती टकटक वाजते. सव्वीस वर्षांत यापेक्षा चांगला टेक झालेला नाही. फोन खिशात होता. रेकॉर्ड करायचे सुचले नाही.

जवळचा नंबर सव्वादोन निघाला.

३१ मार्च
प्रकाशन रद्द. ठेका काल लेकीकडे गेला. कात्रीला कळवले. ती म्हणाली, सर, स्टुडिओ आहेच. पण दोघं असाल तेव्हा या.

हिप-हॉपच्या अवनतीविषयीचे माझे निदान बरोबरच आहे, फक्त रोगी बदलला.

सकाळी घरात एकट्यानेच पहिलीपासून सातव्या ओळीपर्यंत म्हणून पाहिले. 'परंप'शी दम संपला. थांबलो. आतून बायकोचा आवाज आला, 'रा'. आणि चहा गार होतोय.

यावरून एक सोपा प्रयोग, कुठेही करता येण्याजोगा, साहित्य लागत नाही. एखादी लांबलचक ओळ मोठ्याने म्हणायला घ्यावी. मुद्दाम थांबू नये, दम संपेपर्यंत म्हणत राहावे. आवाज तुटल्यावर गप्प बसून ऐकावे. ओळ पुढे चालू राहिली, तर घरात आणखी कोणीतरी आहे.