केसभर मागे

११ फेब्रुवारी

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. उद्या कोणी वेगळं सांगितलं तर निदान इथे तरी खरं राहील.

१. बाबांनी हिवाळाभर खपून त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधलं. हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, प्रत्येक जोडीवर एक हेड, म्हणजे धातूचं जाड झाकण.
२. दोन्ही हेड शेजारच्या लेथकाकांनी दुरुस्त करून दिले.
३. टेकडीच्या चढावर इंजिन टिणटिण वाजू लागलं. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "कुठे वाजतंय?"
४. ते रोज गाडी चढावर नेत राहिले.
५. आज गाडीतला जीव गेला. हेड उतरवले. दोन्हींना तडा — व्हॉल्व्हच्या सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत.
६. बाबा लेथकाकांना नको ते बोलले.

सहावं सगळ्यात वाईट. हेड बदलता येतात. गॅरेज आणि काकांचं वर्कशॉप यांच्यात एकच भिंत आहे आणि तिला त्या दोघांनी तरुणपणी एक खिडकी पाडली होती, चहा आणि सुटे भाग इकडून तिकडे द्यायला. आज बाबांनी त्या खिडकीवर फळी ठोकली. चार खिळे!

१२ फेब्रुवारी

आई बाबांना म्हणाली, "ठरलंय ना आपलं? गाडी नीट चालली तर गॅरेज राहील. नाहीतर शटर खाली, आणि मग घरात बसून माझं डोकं खायचं नाही."

बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

१३ फेब्रुवारी

तडा गेलेले हेड मी मोजले. उलटे ठेवून, वर काच ठेवून, सिरिंजने तेल भरून. चारही पोकळ्या सारख्या. सीट सरळ. काकांच्या कामात खोट नाही.

"बाबा, दोष हेडचा नाही."

"मोजलंस वाटतं?"

"हो."

"मग आता त्या आकड्यांनाच गाडी चालवायला सांग, इंजिनीअरबाई."

मी कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजते. लोक माझ्या आकड्यांवर यंत्रं बंद करतात. घरी मात्र मी पाना पकडून उभी.

१६ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडून हेडची दुसरी जोडी आली. बरी आहे. उद्या बसवायची.

१७ फेब्रुवारी

बसवली. दिवस गेला, कंबर गेली.

नट आवळताना मात्र बाबांचं काम बघत राहावं असं. मधून बाहेर, समोरासमोर, थोडं थोडं. कुठे थांबायचं ते हाताला माहीत. मी मागून टॉर्क पान्याने तपासलं — एकही चुकला नव्हता. सांगितलं नाही. चढून बसले असते.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. मी माझा टायमिंगचा दिवा लावून ठिणगी बरोबर खुणेवर आणली. चहा आणायला आत गेले, परत येते तर दिवा काढून ठेवलेला आणि बाबा डिस्ट्रिब्युटर, ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा, हाताने फिरवतायत!

"दिवा पोरांसाठी. चढावर जायचं, पुढे पुढे घ्यायचं. टिणटिण सुरू झाली, की केसभर मागे. संपलं."

"मग करायचं काय मी इथे?"

"चहा आण. तो तुला जमतो."

१८ फेब्रुवारी

चढ. टिणटिण. पत्र्याच्या डब्यात कोणी वाटाणे हलवावेत तशी, स्वच्छ.

"बाबा, वाजतंय!"

"छे. आता कुठे मोकळं चाललंय."

आणि खाली उतरून अजून थोडं पुढे घेतलं.

घरी आल्यावर प्लग काढले. पांढऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. म्हणजे पिस्टन कुरतडला जायला लागलाय. बाबांच्या हातात भिंग दिलं.

"पेट्रोल वाईट आलंय," म्हणाले.

हटवादी माणूस! हट्टाला मोजमाप असतं तर आज माझा मीटर फुटला असता.

१९ फेब्रुवारी

नवे प्लग आणले. बाबांनी जुन्यांकडे न बघता ते बसवले.

२० फेब्रुवारी

गल्लीत टेम्पो मागे येत होता. पीं पीं पीं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. बाबा त्याच्या मागे पाठमोरे उभे, हातात फिल्टर. मी दंडाला धरून ओढलं.

"अगं हो! बघितलाच नाही."

बघायचा नव्हताच तो, ऐकायचा होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरतंय. टिणटिण सुरू झाली, की केसभर मागे. आणि सुरू झालीच नाही तर? तर पुढे. अजून पुढे. हेड तडकेपर्यंत पुढे.

२१ फेब्रुवारी

बाबा पेपर वाचत होते. मी मागे बसून फोनवर एकेक स्वर वाजवला. जाड आवाजाला म्हणाले, "काय घुंघुं लावलंयस?" मग मी आवाज बारीक करत गेले. एका टप्प्यानंतर त्यांची मान वळलीच नाही. माझ्याच कानाला तो आवाज टोचत होता आणि ते शांतपणे पान उलटत होते.

हे असं चोरून मोजायला नको होतं. पण विचारलं असतं तर "नाही" म्हणाले असते.

आई दारात उभी होती. म्हणाली, "झालं का संशोधन?"

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं. मी उगाच घसा जाड करून बोलते का त्यांच्याशी?"

मला वाटायचं, आई हल्ली चिडकी झाली आहे.

"सांगितलं का नाहीस?"

"कान गेला तर गॅरेज गेलं, असं त्यांना वाटतं. मी सांगायचं, आणि मग बघत बसायचं? तूच सांग. तू परकी नाहीस, पण सुट्टी संपली की जाणार आहेस. तुझ्यावरचा राग सोबत घेऊन जाशील."

२२ फेब्रुवारी

सांगितलं नाही. वाक्य तीनदा जुळवलं. दर वेळी ते म्हणाले, "बारा नंबरचा पाना दे."

२३ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "चल, चढावर." मी मुकाट्याने बसले.

अर्ध्यात इंजिन वाजायला लागलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते रस्त्याकडे बघतच म्हणाले,

"वाजतंय का?"

"वाजतंय."

गाडी कडेला घेतली. मागचं झाकण उघडलं, डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. पुन्हा चढ.

"आता?"

"अजून आहे."

पुन्हा उतरले. पुन्हा चढ.

"आता?"

"थोडं. अगदी वरच्या वळणावर."

"मग केसभर मागे," म्हणाले, आणि तेवढं केलं.

वर पोचलो. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं.

घरी येऊन मी दिवा लावून पाहिला. ठिणगी माझ्या खुणेवर! हे बाबांना सांगावं की नाही ते अजून ठरत नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी गॅरेजमध्ये गेले तर फळी निघालेली, चारही खिळे सरळ करून खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेले. बाबांनी एक चिठ्ठी पुढे केली. "शुद्धलेखन बघ." मी काही बदललं नाही. त्यांनी खिडकीतून हात घालून ती पलीकडे ठेवली.

"हेड तुझे चांगले होते. माझे कान गेलेत. तडे वेल्डिंगने भरतात का बघ. मुलगी एक तारखेला जाते, त्यानंतर चढावर शेजारी बसून वाजतंय का ते मला कोणीतरी सांगायला हवं. येशील का ते शुक्रवारपर्यंत कळव. ओरडू नकोस, लिहून दे."